एकशे बेचाळीस किलोंचा भरवसा

त्या कारखान्यात खुर्ची तयार झाली की तिच्यावर पहिल्यांदा बसायचा मान एकाच माणसाचा होता. लाकडाला रंधा मारला, खाचा पाडल्या, सरस लावून सांधे शिकंज्यात आवळले, वाळवले, तरी ती अजून खुर्ची नव्हे. चार पायांवर उभं राहिलेलं लाकूड. मग तो यायचा. अंगावरचा भुसा झटकायचा, खुर्चीकडे पाठ करायचा आणि नव्या ओळखीच्या घरी बसावं तसा बेताबेतानं बसायचा. आधी सरळ. मग डावीकडे कलून, मग उजवीकडे. मग मागे रेलून पुढचे दोन पाय जमिनीपासून बोटभर उचलायचा. शेवटी डोळे मिटून पाच आकडे मोजायचा. खुर्चीनं हूं की चूं केलं नाही, तर तिला उलटी करून बैठकीखाली पेन्सिलीनं तारीख घालायचा. कुरकुरली, तर मुकाट्यानं पुन्हा बाकावर न्यायचा.

म्हणून त्याचं नाव पडलं पासिंग. खरं नाव रेशनकार्डावर होतं, तिथंच राहिलं.

कारखाना वडिलांनी काढलेला. पुढच्या खोलीत थोरले दादा लाकूड कापायचे आणि गिऱ्हाइकं सांभाळायचे. मधल्या खोलीत पासिंग सांधे जोडायचा. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पॉलिशवाली मावशी. मावशी नात्यानं कुणाचीच मावशी नव्हती, पण तिच्या तोंडाला सगळे टरकून असायचे. पेन्सिलीची तारीख नसलेली खुर्ची ती शेडच्या उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. "पासिंगच्या बुडाखालून आली नाही ना? मग माझ्या हाताखालून जायची नाही," असं तिचं म्हणणं.

"लोकांकडे मोजपट्टी लावतात, आम्ही माणूस लावतो," दादा गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगायचे. "एकशे बेचाळीस किलोंचा माणूस. त्याला पेलली ती तुमच्या तीन पिढ्यांना पेलणार."

एकशे बेचाळीस. हा आकडा पासिंगनं जगात सगळीकडे लपवला होता, कारखान्यात सोडून. जाड माणूस कुणाच्याही घरी गेला की आधी माणसं बघत नाही, खुर्च्या बघतो. हातांची खुर्ची असेल तर अडकायची भीती, प्लास्टिकची असेल तर पाय फाकायची भीती. पासिंग अशा वेळी म्हणायचा, "बसून बसूनच आलोय, जरा उभा राहतो." समारंभात, दवाखान्यात, मुलीच्या शाळेत तो अर्धं आयुष्य उभाच राहिला होता. वर, दुसऱ्या कुणी काही बोलायच्या आत आपणच आपल्यावर विनोद करून मोकळा व्हायचा. फक्त मधल्या खोलीत, भुश्याच्या वासात, त्याच्या वजनाला किंमत होती. तिथं तो बसला की बाकीचे श्वास रोखून उभे राहायचे.

पन्नाशी ओलांडली आणि त्याचंच शरीर कुरकुरायला लागलं. आधी गुडघे, मग रक्तदाब, मग साखर. झोपेत श्वास अडकायचा, त्यामुळे झोप झाल्यासारखी वाटायचीच नाही आणि दिवसा जिथं टेकेल तिथं डोळा लागायचा. एका दुपारी पटाशी हातात असताना डुलकी लागली. तळहाताला सहा टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी हात सोडून पोटाकडे बघितलं आणि एक चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीवर पत्ता होता मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनबाईंचा.

बायको त्याच्याबरोबर गेली. ती घरी बसून खुर्च्यांच्या गाद्या शिवायची. बोलणं कमी, टाका बारीक. सर्जनबाई तिच्याच अंगकाठीच्या, किरकोळ, चष्मा लावणाऱ्या. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं.

"हे तुमचं जठर. याचा वरचा एवढासा भाग वेगळा करायचा, लहान अंड्याएवढा. खालचं आतडं वर आणून त्याला जोडायचं. उरलेलं जठर आतच राहतं, पण जेवण त्याला वळसा घालून पुढे जातं. भूक कमी लागते, थोडक्यात पोट भरतं, साखरही बहुतेकांची उतरते. पोट उघडायचं नाही. पाच छोटी छिद्रं, दुर्बीण आणि लांब दांड्यांची हत्यारं."

पासिंग चित्राकडे बराच वेळ बघत राहिला. "म्हणजे दोन नवे सांधे," तो म्हणाला.

"दोन. बरोबर."

"सरस लावता?"

बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. सर्जनबाई मात्र हसल्या नाहीत. "बारीक पिना मारतो. वरून टाके."

"आणि पास कोण करतं?"

"म्हणजे?"

"सांधा धरला की नाही, ते बघता कसं?"

"अच्छा. टेबलावरच निळं पाणी सोडून बघतो. कुठून पाझरलं तर दिसतं. पाझरेनासं होईपर्यंत मी तिथून हलत नाही."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "काय हो, डॉक्टरांशी असं बोलतात? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"करून घेऊ," पासिंग म्हणाला. "बाई आपला सांधा तपासून मगच सोडते."

कारखान्यात बातमी कळली तेव्हा दादांनी हातातली करवत खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. मावशी म्हणाली, "लोक पोट भरायला मरमर राबतात आणि हा बघा, पोट कमी करायला निघालाय! आणि काय रे, तू अर्धा झालास की अर्ध्याच खुर्च्या पास करणार का?" सगळे पोट धरून हसले. तिच्या थट्टेत काय होतं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, तिच्याही नाही.

चौदा ऑक्टोबरला दवाखान्याच्या काट्यावर एकशे बेचाळीस भरले आणि त्याला एक कार्ड मिळालं. पुढे दर तपासणीला त्यावर तारीख आणि वजन चढणार होतं. मग दोन आठवडे नुसतं पातळ: सूप, दूध, औषधी भुकटी. यकृत आकसावं म्हणून. तीन नोव्हेंबरला सकाळी साडेआठला त्याला आत नेलं. बायको बाहेरच्या बाकावर गादीचं कापड घेऊन बसली आणि तीन तासांत एकही टाका घातला नाही. सर्जनबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "निळं पाणी पाझरलं नाही," तेव्हा कुठं तिनं सुईत दोरा ओवला.

त्याच संध्याकाळी त्याला उठवून चार पावलं चालवलं. दुसऱ्या दिवशी औषधाच्या इवल्याशा पेल्यातून पाणी, घोट घोट. हे तंत्र घरीही चालू राहिलं. पंधरा दिवस पातळ, मग घोटलेलं, मग मऊ. एक घास वीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. एकदा शेजारच्यांच्या आग्रहाखातर गोड चहा घेतला तर छाती धडधडून घामानं निथळला आणि तासभर आडवा पडला. परत गोडाच्या वाटेला गेला नाही.

बायकोचे हात मोठ्या पातेल्याला सरावलेले. सव्वीस वर्षं ती त्याला वाढत आली होती. आता चार चमचे वाढले की वाटी भरायची. पहिल्या आठवड्यात ती वाटी त्याच्यासमोर ठेवून ती आत गेली आणि पाण्याचा नळ सोडून रडली. त्यानंतर ती स्वतः ओट्याशी उभ्या उभ्याच जेवायला लागली, त्याच्यासमोर कसं जेवायचं म्हणून. चार दिवस पासिंगनं बघितलं. पाचव्या दिवशी हाक मारली.

"अगं, इकडे ये. ताट घेऊन ये."

"असू दे. तुम्ही चावा सावकाश."

"वीस वेळा चावायचं म्हणजे किती वेळ जातो माहीत आहे? एकट्यानं कंटाळा येतो. आणि मला तू जेवताना बघायला आवडतं. आजवर माझ्याच ताटात डोकं असायचं, तुझ्याकडे बघायचं राहूनच गेलं."

"काहीतरीच तुमचं," ती म्हणाली, पण ताट घेऊन आली.

डिसेंबरच्या मध्याला तो कामावर परतला. सुरुवातीला हलकी कामं. वजन उचलायची मनाई. बसायला मात्र कुणाची हरकत नव्हती. तो बसला, कलला, रेलला, डोळे मिटून पाच मोजले, तारीख घातली. सगळं पहिल्यासारखं. सगळ्यांचं लक्ष त्याच्या पोटाकडे: आज काय खाल्लं, उलटी तर नाही ना, पट्टा कितव्या भोकावर आला. फेब्रुवारीत केस गळायला लागले. "डोक्याला पॉलिश मारून देऊ का?" मावशीनं विचारलं. मार्चमध्ये साखरेची गोळी बंद झाली. एप्रिलमध्ये तो दादांच्या मागोमाग माळ्यावरच्या लाकडापर्यंत जिना चढून गेला आणि वर पोचल्यावर लहान मुलासारखा हसला. बायको दर महिन्याला त्याच्या विजारी आत घेत होती. मे महिन्यात ती कंटाळून म्हणाली, "आता नवीनच शिवते. हिच्यात आता शिवणच जास्त आहे, कापड कमी."

बारा जूनला कार्डावर चौऱ्याण्णव लागले. तपासणीहून तो थेट कारखान्यात आला आणि एक खुर्ची पास केली. सरकारी वाचनालयाच्या पुस्तक देण्या-घेण्याच्या टेबलासाठी होती ती, हातांची, उंच पाठीची.

अकरा जुलैला ती खुर्ची टेम्पोतून परत आली. मागचा डावा पाय निखळलेला. बरोबर एक पत्र होतं, रेघ न मोडता लिहिलेलं. दादांनी ते मोठ्यानं वाचलं.

"'मी वाचनालयात टेबलावर काम करते. नऊ तारखेला ही खुर्ची माझ्या बसण्यानं मोडली. त्या वेळी शाळेचा एक वर्ग आलेला होता. खुर्चीत दोष नाही. माझं वजन फार आहे आणि मी आधी विचार करायला हवा होता. कृपया दुरुस्त करून द्यावी. खर्च वाचनालयाकडे न मागता माझ्याकडे मागावा. पुढे ती दुसऱ्या कुणाला बसायला देऊ.'"

दादांनी सुटकेचा श्वास टाकला. "चला. बाई समजूतदार आहे. मी म्हटलं आता नाव खराब होतंय."

पासिंगनं खुर्ची उलटी केली. पायाच्या खाचेत बोट घातलं. खाच कोरडी ठणठणीत. तिच्यात बसणाऱ्या पट्टीच्या टोकाला सरस एका बाजूलाच लागला होता, तोही गार झालेला लावलेला. लाकूड तो प्यायलंच नव्हतं. असा सांधा किती वजनाला बोलतो हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. एकशे चाळीसला ओरडला असता. एकशे वीसला कुरकुरला असता. चौऱ्याण्णवला...

त्यानं बैठकीखालची तारीख बघितली. मग खिशातलं कार्ड काढलं. मग भुश्यातच खाली बसला.

"काय झालं रे?" दादा घाबरले. "पोटात दुखतंय?"

"दादा, मी सात महिने खोटं पास करतोय."

"म्हणजे?"

"वजन माझं घटलं, आणि काटा आपला तोच समजून बसलो. किलोचं माप कुणी अर्ध्यावर तासलं आणि दुकानदार त्याच मापानं देत राहिला, तसं झालंय हे. बाई पडली ती माझ्यामुळे."

शेडच्या दारात मावशी उभी होती, हातात पॉलिशचा बोळा. पहिल्यांदाच तिला काही बोलायला सुचलं नाही.

दादांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "हे बघ. सांधा नीट कर, खुर्ची पाठवून दे. पैसे घ्यायचे नाहीत. झालं. बाईच म्हणतेय ना, तिची चूक म्हणून? आपण कशाला ओढवून घ्यायचं? सात महिन्यांत किती खुर्च्या गेल्या?"

"शहाण्णव. वहीत पत्ते आहेत."

"शहाण्णव घरी जाऊन सांगणार का, की बाबांनो, जपून बसा? अरे, वडिलांपासूनचं नाव आहे. लोक तोंडात शेण घालतील."

"दादा, ती बाई पोरांसमोर पडली आणि वर माफी मागतेय."

"मला कळतं ते."

"तुम्हाला नाही कळत," पासिंग म्हणाला. आवाज चढवला नाही. दादा आयुष्यभर पंचावन्न किलोंचे. "तुम्ही कधी खुर्चीची माफी मागितली नाही."

त्या संध्याकाळी जेवताना तो एकच घास चावत राहिला. वीस झाले, तीस झाले.

"एवढं चावताय," बायको म्हणाली, "त्यापेक्षा काय ते बोलून टाका."

त्यानं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला भीती दादांची वाटतेय, की खुर्ची आता पास कोण करणार, त्याची?"

बायकोचा टाका नेमका बसला होता. वजन उतरलं, साखर उतरली, जिना चढता यायला लागला, सगळं चांगलंच झालं होतं. पण मधल्या खोलीत जो एक माणूस बसल्यावर सगळे श्वास रोखायचे, तो माणूस कुठंतरी वाटेत उतरून गेला होता आणि त्याचा आपल्याला पत्ताही लागला नाही.

"बाईची भीती वाटते," तो अखेर म्हणाला. "ती आता कुठल्याच खुर्चीवर बसणार नाही. मी ओळखतो ना. मी तिला शंभर वेळा सांगितलं तरी ती म्हणेल, 'तुम्ही भले आहात म्हणून म्हणताय.'"

दुसऱ्या दिवसापासून त्यानं तो सांधा खोलून नव्यानं केला. नवी पट्टी, नवं टोक, गरम सरस, दोन दिवस शिकंजा. आणि बसायची वेळ आली तेव्हा अडला. दादांनी वाळूची दोन पोती आणून ठेवली. खुर्ची गप्प राहिली.

"झालं की," दादा म्हणाले.

"नाही झालं. पोतं चुळबुळ करत नाही. माणूस कलतो, रेलतो, खाली पडलेली वस्तू उचलायला वाकतो. सांधा तिथं बोलतो."

"मग बायकोला घे मांडीवर!" शेडमधून मावशी ओरडली. तिची वाचा परत आली होती. "आलीच आहे बघ गाद्या घेऊन."

बायको खरंच दारात उभी होती. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "मावशी, काहीही काय!"

पासिंग मात्र तिच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होता. "तुझं वजन किती गं?"

"सत्तेचाळीस. तुमच्याबरोबरच नाही का केलं, बारा जूनला. तिथं फुकट होतं म्हणून."

"चौऱ्याण्णव आणि सत्तेचाळीस..."

"एकशे एक्केचाळीस," मावशी म्हणाली. शाळेत गेलेली नव्हती, पण हिशेबाला पक्की. "एक किलो कमी पडतंय. तिच्या हातात हत्यारांची पिशवी द्या."

दादांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. पासिंग बसला. बायको डोळे गच्च मिटून, पिशवी छातीशी धरून, त्याच्या मांडीवर बसली. आधी सरळ. मग दोघं डावीकडे कलले. मग उजवीकडे. मागे रेलताना ती "अगं बाई" म्हणाली आणि त्याचा दंड धरला. मग त्यानं डोळे मिटले आणि पाच मोजले. सहा, सात, आठही मोजले असावेत, मावशीनंच हटकलं, "पुरे आता, पास झाली खुर्ची!"

सोमवारी सकाळी पासिंग आला तेव्हा दादा चष्मा लावून वहीतले पत्ते पोस्टकार्डांवर उतरवत होते. सगळी शहाण्णव. वर बघितलं नाही. एवढंच म्हणाले, "मजकूर तू सांग. मला जमत नाहीये." त्या कार्डांमुळे पुढे दोन खुर्च्या परत आल्या, बाकीच्यांच्या घरी हे जोडपं दर रविवारी जाऊन बसून आलं आणि कारखान्याचं नाव काही बुडालं नाही, पण ते नंतरचं. त्या सोमवारी टेम्पो निघाला तो वाचनालयाकडे. दादा चालवायला, मागे पासिंग आणि बायको, मध्ये खुर्ची. दारापाशी दादा म्हणाले, "मी बाहेरच थांबतो," आणि स्टिअरिंग धरून बसून राहिले.

वाचनालय म्हणजे एक लांब खोली, उंच खिडक्या, दुतर्फा कपाटं. टेबलामागे ती बाई उभी होती. चाळिशीची, अंगानं भरलेली, साडी चापूनचोपून नेसलेली, डाव्या मनगटाला पट्टी. बाजूला एक स्टूल होतं, त्यावर तिनं पुस्तकांची चळत ठेवली होती, म्हणजे कुणी "बसा ना" म्हणू नये. पासिंगनं ती चळत ओळखली. बाई या पायावरून त्या पायावर भार टाकत होती. घोटे सुजलेले.

"खुर्ची आणलीत? ठेवा तिकडे, खिडकीशी," ती म्हणाली. "बिल माझ्या नावानं केलंत ना?"

"बिल नाही. चूक आमची होती. सांधा कच्चा होता."

तिनं हसून मान हलवली. ते हसू त्याला पाठ होतं. "तुम्ही भले आहात म्हणून म्हणताय."

पासिंगनं बायकोकडे बघितलं. मग खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि खुर्ची उलटी करून तिच्यापुढे धरली. "बाई, तुम्ही तारखा बघण्यातल्या. बघा. आमच्याकडे प्रत्येक खुर्चीवर मी बसतो, मग ती बाहेर जाते. ही तारीख मी बसलो त्या दिवसाची. आणि हे माझं वजन. आधी वरचं बघा."

तिनं चष्मा लावला. पुस्तकाचं कार्ड तपासावं तसं, ओळीवर बोट ठेवून वाचलं. चौदा ऑक्टोबर, एकशे बेचाळीस. तिनं पासिंगकडे बघितलं, पायांपासून डोक्यापर्यंत. बोट खाली सरकत गेलं. एकशे सव्वीस. एकशे तेरा. एकशे दोन. बारा जून, चौऱ्याण्णव. मग तिनं बैठकीखालची पेन्सिल वाचली. बारा जून. पुन्हा कार्ड. पुन्हा खुर्ची.

"एकशे बेचाळीस?" ती हळूच म्हणाली. "तुम्ही?"

"पोटाचं ऑपरेशन झालं, नोव्हेंबरात. दुर्बिणीतून. वजन उतरलं आणि खुर्च्या मी तशाच पास करत राहिलो. पूर्वीचा मी असतो तर ही खुर्ची माझ्याखालीच ओरडली असती, तुमच्यापर्यंत आलीच नसती. तुम्ही मोडली नाहीत. मी तपासली नाही."

बाईनं चष्मा काढला आणि पदरानं उगाचच पुसला. "मुलं हसली हो," ती म्हणाली. "लहान होती, त्यांची काही चूक नाही. पण त्यातल्या एका मुलीनं दुसरीला सांगितलं, 'हसू नको, त्यांना वाईट वाटेल.' तेच जास्त लागलं."

पासिंगनं खुर्ची सरळ करून ठेवली. त्याची बायको पुढे झाली. "बसा ना आता, ताई. पक्की केलीय."

"नको. नंतर बसते. लोक आहेत."

खोलीत सातआठ जण होते. पेपर वाचणारे दोन म्हातारे, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं, एक पोस्टमन.

"लोकांचंच ना?" बायको म्हणाली. "त्यांना बघायला दुसरं काहीतरी देऊ." आणि ती, जी सव्वीस वर्षांत चारचौघांत नवऱ्याच्या शेजारीही नीट बसली नव्हती, तिनं खुर्ची खोलीच्या मधोमध ओढली. "बसा हो तुम्ही."

पासिंग बसला. ती पिशवी सावरून त्याच्या मांडीवर बसली. पेपर खाली आले. एक म्हातारा म्हणाला, "अरे वा!" दुसऱ्यानं त्याला गप्प केलं आणि स्वतः चष्मा नीट करून बघू लागला. दोघं डावीकडे कलले, उजवीकडे कलले. मागे रेलताना तिची चप्पल पायातून निसटून पोस्टमनच्या पुढ्यात पडली. खोलीभर हशा पिकला. टेबलामागची बाईसुद्धा हसली, तोंडावर हात ठेवून, मग हात काढून.

"एकशे बेचाळीस," पासिंग खुर्चीतूनच म्हणाला. "पिशवी धरून. आवाज आला?"

"नाही," बाई म्हणाली.

"तुम्ही याहून जास्त आहात?"

तिनं खोलीकडे बघितलं. सगळे अजून त्या दोघांकडेच बघत होते. पोस्टमन चप्पल आणून देत होता. "नाही," ती म्हणाली. "खूप कमी आहे."

त्यांनी खुर्ची टेबलामागे नेऊन ठेवली. बाईनं दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि कडेला, जेमतेम टेकल्यासारखी बसली. टाचा जमिनीवर घट्ट, पडायच्या तयारीत. पासिंगनं सवयीनं डोळे मिटले आणि कान दिला. एक, दोन. कापडाची सळसळ झाली. ती आत सरकली होती. तीन. एक म्हातारा पुस्तक परत करायला आला आणि तिनं शाईचा शिक्का उचलला. चार. शिक्का पडल्याचा आवाज. लाकडाचा आवाज नाही.

पाचपर्यंत मोजूनही त्यानं डोळे उघडले नाहीत. बायको दंडाला धरून हळूच म्हणाली, "चला आता. दादा थांबलेत."

"थांब," तो म्हणाला. "तिनं अजून पाठ टेकली नाही."

म्हाताऱ्यानं दुसरं पुस्तक मागितलं. बाईनं यादी उघडली, बोट फिरवत राहिली, फिरवता फिरवता कामात बुडाली, आणि तिच्या नकळत तिची पाठ मागे टेकली.